पाऊण इंचाची माणसं

रेल्वेचं मॉडेल उभं राहतं ते ठरलेल्या क्रमानं. आधी फळी, मग रूळ, मग वायरिंग. त्यानंतर इंजिन आणि डबे, डोंगर, बोगदा, झाडं, स्टेशनची इमारत. माणसांचा नंबर शेवटी लागतो आणि बऱ्याच लेआउटवर तो लागतच नाही. सिग्नलच्या तारेपर्यंत सगळं अचूक असतं, फलाट मात्र रिकामा. गाडी येते, थांबते, सुटते. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. पाहणारा दोन मिनिटं कौतुक करतो आणि मग त्याची नजर भिरभिरू लागते, कारण तिला टेकायला जागा नसते. त्याच फलाटावर बाकावर एक म्हातारा बसवा, शेजारी गाठोडं ठेवा. आता गाडी कुणासाठी तरी आलेली असते.

हे पुस्तक त्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या सोबतच्या इतरांना रंगवण्याबद्दल आहे. इंजिनांबद्दल, डबल हेडिंगबद्दल, डिजिटल कंट्रोलबद्दल यात काहीही नाही. त्या विषयांवर इतर भाषांत भरपूर सामग्री आहे आणि तांत्रिक गोष्टी देशागणिक बदलत नाहीत. माणसं बदलतात. म्हणूनच माणसांवर मराठीत लिहावंसं वाटलं.

मॉडेल रेल्वेत माप आधी ठरतं आणि बाकी सगळं त्याच्यामागून येतं. जगात सर्वांत जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे १:८७. पाच फूट सात इंच उंचीचा माणूस या मापात साडेएकोणीस मिलिमीटरचा होतो, पाऊण इंचापेक्षा किंचित वर. ब्रिटनमध्ये ओओ चालतं, १:७६.२, तिथे तोच माणूस २२ मिमी भरतो. एन या १:१६० च्या मापात तो साडेदहा मिमीचा आणि झेडमध्ये, १:२२० ला, जेमतेम पावणेआठ मिमीचा, बासमतीच्या दाण्याएवढा. या पुस्तकातली सगळी उदाहरणं एचओची आहेत, कारण आपल्याकडे मिळणारी बहुतेक माणसं याच मापाची असतात. वास्तुविशारदांच्या मॉडेलसाठी विकली जाणारी १:१०० ची स्वस्त माणसंही मागच्या रांगेत खपून जातात.

इतक्या लहान वस्तूचा विचार आला की मनात पहिल्यांदा हाताचा नाजूकपणा येतो. हात किती स्थिर हवा, नजर किती तीक्ष्ण हवी! हात थोडाफार स्थिर लागतोच. पण माझं म्हणणं वेगळं आहे आणि सगळं पुस्तक त्या एका म्हणण्यावर उभं आहे. लेआउटवरचा माणूस लहान माणूस म्हणून रंगवायचा नसतो, लांब उभा असलेला माणूस म्हणून रंगवायचा असतो.

हिशेब करून बघा. लेआउट आपण साधारण दोन फुटांवरून पाहतो. ६० सेमीला ८७ नं गुणलं की ५२ मीटर होतात. म्हणजे एचओच्या फलाटावरचा माणूस आपल्याला जेवढा दिसतो, तेवढा खराखुरा माणूस ५२ मीटरवरून दिसतो. पुढच्या वेळी गाडीची वाट पाहत असाल तेव्हा दोन-अडीच डब्यांच्या अंतरावर उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघा. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत नाही. ओठ दिसत नाहीत, शर्टाची बटणं दिसत नाहीत, साडीवरची बुट्टी दिसत नाही. दिसते ती उभं राहण्याची ढब. खांद्यांची रेघ दिसते. कपड्यांचे दोन किंवा तीन रंग दिसतात, डोक्यावर केस आहेत की टोपी ते कळतं, हातात काही जड आहे की नाही तेही कळतं. चेहऱ्यावर कपाळाखाली, डोळ्यांच्या जागी, एक आडवी सावली असते. आणि गंमत अशी की ओळखीचा माणूस असेल तर एवढ्यावरून आपण त्याला ओळखतोही.

माणसाचा डोळा सुमारे तीन सेंटिमीटर रुंद असतो. एचओमध्ये तो मिलिमीटरच्या एक तृतीयांश होतो. त्यात पांढरं, बुबुळ, पापणी रंगवता येते का? भिंग लावून, चांगल्या ब्रशनं येते. आणि तशी रंगवलेली माणसं हातात घेऊन पाहिली की थक्क व्हायला होतं. पण फलाटावर ठेवली की ती सगळी दचकल्यासारखी दिसतात. ५२ मीटरवरून जे दिसायला नको ते दिसू लागतं आणि पाहणाऱ्याला नेमकं काय खटकलं हे सांगता येत नाही. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तीला खरा जिवंतपणा येतो तो डोळ्यांच्या आखणीनं. ते काम जाणत्या हाताकडेच असतं. ती परंपरा आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की कोणतीही लहान मूर्ती समोर आली की आधी डोळे काढावेसे वाटतात. पण गणपतीनं आपल्याकडे बघायचं असतं, फलाटावरच्या माणसानं गाडीकडे. इथे डोळ्यांच्या खोबणीत पातळ तपकिरी रंगाचा एक थेंब सोडायचा आणि थांबायचं.

आपल्यापैकी बहुतेकांनी लहान माणसांचं जग पहिल्यांदा पाहिलं ते दिवाळीच्या किल्ल्यावर. चकचकीत रंगांचे मावळे, मातीची गवळण, दरवाज्यापेक्षा उंच पहारेकरी, आणि सगळ्यांत मोठे सिंहासनावरचे महाराज. त्या जगात मान ठरवतो आकार, आणि ते तिथे योग्यच आहे. लेआउटच्या जगात सगळ्यांना एकच माप लावावं लागतं. स्टेशनमास्तर आणि केळीवाली सारख्याच उंचीचे. महत्त्व दाखवायचं असेल तर ते जागेनं, रंगानं आणि भोवतीच्या मोकळ्या जागेनं दाखवायचं.

लांबचा माणूस म्हणून रंगवायचं ठरवलं की रंगांचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. अंतरामुळे रंग फिके आणि थोडे धुरकट होतात. म्हणून शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा हे दोन रंग या कामात जवळजवळ वर्ज्य समजावेत. टीसीचा काळा कोट गडद करड्यानं रंगवायचा, केसांना काळ्यात तपकिरी मिसळायचा. धोतर आणि लेंगा पांढऱ्यात किंचित पिवळी माती घालून रंगवायचा. निळीतून काढलेलं धोतर दाखवायचं तर पांढऱ्यात निळ्याचं अगदी बोट लावायचं. चकाकी पूर्ण मारायची, कारण चमकणारा पाऊण इंची माणूस भिजलेला किंवा चिनी मातीचा वाटतो. शेवटचा हात नेहमी मॅट व्हार्निशचा.

एक गोष्ट मात्र उलटी करावी लागते आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. खऱ्या माणसाच्या शर्टाची चुणी दोन-तीन सेंटिमीटर खोल असते आणि तिच्यात सावली पडते. एचओमध्ये तीच चुणी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी होते. खोलीतला चहूबाजूंनी येणारा उजेड तिच्यात सहज शिरतो, सावली पडतच नाही, आणि माणूस एकाच रंगाच्या ठोकळ्यासारखा दिसतो. ती सावली आपल्याला रंगवून द्यावी लागते. यासाठी दोन साधे उपाय आहेत. पातळ गडद रंग अंगभर सोडला की तो आपणहून चुण्यांत जाऊन बसतो. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून, त्यावर फिकट रंग घेऊन उंचवट्यांवरून हलकेच फिरवला की खांदे, गुडघे, टोपीचा माथा उजळतात. त्याहून सोपी युक्ती प्रायमरच्या वेळचीच आहे: आधी सगळ्या अंगाला गडद करड्याचा स्प्रे, तो वाळला की फक्त वरच्या बाजूनं पांढरट स्प्रे. हनुवटीखाली, काखेत, पदराखाली गडद राहतं. पुढचे रंग पातळ दिले तर ही ऊन-सावली आतून दिसत राहते आणि अर्धं काम झालेलं असतं.

लहान माणसं करणं ही युरोपातली जुनी कारागिरी आहे. जर्मनीत न्युरेंबर्गला कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. तिथल्या एर्न्स्ट हाइनरिक्सननं १८४८ मध्ये त्यांची उंची ३० मिमी ठरवली आणि वेगवेगळ्या संचांतले शिपाई एकाच मैदानावर उभे करता येऊ लागले. त्या शिपायांना रंग देण्याचं काम घरोघर चाले. रेल्वेसाठी खास माणसं नंतर आली. ब्रिटनमध्ये हॉर्नबीनं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला धातूचे स्टेशन कर्मचारी, प्रवासी आणि शेतातली जनावरं विकायला काढली; पुढे त्याच मालिकेतून डिंकी टॉईज निघाली. मात्र माणसांना लेआउटमध्ये खरी जागा देण्याचं श्रेय मी जॉन एहर्न यांच्यासारख्या छंदिष्टांना देईन. एहर्न यांनी १९३० च्या दशकात मॅडर व्हॅली नावाची काल्पनिक रेल्वे बांधताना गाव, रस्ते आणि माणसं हा देखाव्याचा मुख्य भाग धरला. ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात ती आजही जपून ठेवलेली आहे. ते संग्रहालय उभं करणारे रॉय इंग्लंड ऑस्ट्रेलियातून आलेले. डोळ्यांदेखत बदलत चाललेलं इंग्लिश खेडं १ फुटाला ४ मिमी या मापात नोंदवून ठेवायचं, हा त्यांनी घेतलेला वसा.

आज बाजारात मिळणाऱ्या एचओच्या माणसांचं मूळ घर म्हणजे प्रायझर ही जर्मन कंपनी. १९४९ मध्ये सुरू झालेली, रोटेनबुर्गजवळच्या श्टाइन्सफेल्ड गावातली. तिच्या यादीत लग्नाचं वऱ्हाड आहे, सर्कस आहे, बँडवाले आहेत, रूळ दुरुस्त करणारे कामगार आहेत. हीच माणसं आणि इतर कंपन्यांची मिळून हँबुर्गच्या मिनियाटूर वुंडरलँडमध्ये अडीच लाखांच्या वर गेली आहेत. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये उघडलेलं ते प्रदर्शन मोठं आहेच, पण लोक तिथे तासन्‌तास रेंगाळतात ते कोपऱ्याकोपऱ्यांतल्या माणसांमुळे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी घडवलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. महाराष्ट्रातल्या अनेक मुलांनी मॉडेल रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. मोठ्या माणसांनीही एकदा जावं आणि या वेळी गाड्यांकडे न बघता फक्त माणसांकडे बघावं.

आता आपल्या अडचणीकडे येतो. समजा तुम्हाला पळसदरी करायचं आहे, किंवा नेरळ, किंवा कोकण रेल्वेवरचं एखादं जांभ्याच्या कट्ट्यांचं स्टेशन. इंजिन आणि डबे मिळतात, काही स्वतः करता येतात. रुळांच्या बाबतीत तडजोड आहे. एचओचा रूळ १६.५ मिमीचा, तो १४३५ मिमीच्या प्रमाण गेजसाठी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, तिला खरं तर १९.३ मिमी हवेत. बहुतेक जण १६.५ वरच गाडी चालवतात आणि ते पुरेसं चांगलं दिसतं. पण डब्यातून उतरणारी माणसं? संचात मिळतात ती ओव्हरकोट, हॅट, गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, बर्फात घालायचे बूट अशा पोशाखातली. हमाल मिळतो, तो निळ्या गणवेशातला. नऊवारी नेसलेली बाई मिळत नाही. फेटेवाला मिळत नाही. डबेवाला नाही, गँगमन नाही, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण नाही.

यावर दोन मार्ग आहेत. एक नवा: हल्ली खऱ्या माणसाला हव्या त्या पोशाखात उभं करून त्याचं थ्रीडी स्कॅन करता येतं आणि हव्या त्या मापात रेझिनमध्ये छापता येतं. घरातल्या आजीला नऊवारीत स्कॅन करून तिच्याच ढबीत फलाटावर उभं करता येणं ही मोठी गोष्ट आहे आणि यासाठी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. अशी माणसं घोट्यात मोडतात आणि रंगवण्याआधी नीट धुऊन, अतिनील प्रकाशात पक्की करून घ्यावी लागतात, एवढं इथे सांगून ठेवतो. दुसरा मार्ग जुना, स्वस्त, आणि मला अधिक प्रिय: परदेशी माणसाचा वेश बदलायचा.

एक उदाहरण सविस्तर देतो. लांब स्कर्ट घातलेली, हातात टोपली असलेली, न रंगवलेली बाई घ्या. कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं धुवा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. दोन्ही कुशींवर साच्याची बारीक रेघ असते. ती ब्लेडची धार उलटी धरून खरवडून काढा. हॅट असेल तर कापा. स्कर्टचा खालचा भाग दोन पोटऱ्यांच्या मध्ये खाचून काढा म्हणजे पाय वेगळे दिसतील. आता एम-सीलचा सुईएवढा जाड वळ करून मागे, कमरेच्या मध्यापासून खाली, दाबून बसवा आणि ओल्या सुईनं त्यावर दोन उभ्या रेघा ओढा. हा काष्टा. मागून पाहिलं की ही बाई आता कुठल्या देशातली आहे याबद्दल शंका राहत नाही. पदरासाठी टिश्यू पेपरचा एकच पापुद्रा घ्या, चार मिमी रुंद पट्टी कापा, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवा आणि कमरेपासून डाव्या खांद्यावरून मागे सोडा. म्हातारी असेल तर पदर डोक्यावरून घ्या. वाळला की कागद कडक होतो आणि त्याच्या घड्या अगदी कापडासारख्या पडतात.

रंगवताना आतून बाहेर यायचं. आधी हात, पाय, चेहरा. मग चोळी, मग लुगडं, शेवटी केस आणि टोपली. लुगड्याला एकच गडद रंग: हिरवा, डाळिंबी, किंवा चंद्रकळेचा काळा, म्हणजे आपल्या नियमानं करडा. काठ पाच सेंटिमीटरचा धरला तर एचओमध्ये तो अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त होतो. तो ब्रशच्या टोकानं काढू नये. ब्रशची कूस पदराच्या कडेवरून फिरवावी. कागदाची कड उंच असते, रंग तेवढ्याच जागी लागतो आणि रेघ सरळ येते. कुंकू लावायचा मोह होईल. एक सेंटिमीटरचं कुंकू या मापात मिलिमीटरचा नववा हिस्सा असतं; ब्रशनं लावलं तर प्रत्यक्षात ते चहाच्या बशीएवढं होतं. मंगळसूत्र, बांगड्या, नथ यांचंही तेच. सोडून द्यायचं.

हमालाचा बिल्ला मात्र सोडू नका. लाल सदरा आणि दंडावर पितळेचा बिल्ला: तो आठ-नऊ सेंटिमीटरचा, म्हणजे इथे एक मिलिमीटर. लांबून त्याचा आकार दिसत नाही, पण उन्हात तो चमकतो. जे चमकतं ते लांबूनही दिसतं. म्हणून बिल्ला, स्टीलचा डबा, तांब्या, छत्रीची मूठ यांना धातूच्या रंगाचा एकच ठिपका द्यावा. लेआउटवर असे दोन-चार ठिपके पुरतात.

त्वचेचा रंग हा या पुस्तकातला माझा आग्रहाचा विषय आहे. बाटलीवर 'त्वचा' असं लिहून विकला जाणारा गुलाबी रंग आपल्या फलाटावरच्या कुणाचाच नसतो. तो लावला की नऊवारीतली बाईसुद्धा बव्हेरियाची वाटते. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा, या तिघांच्या मिश्रणातून गहूवर्णापासून सावळ्यापर्यंतचा मोठा पल्ला निघतो; त्यापुढे गडद हवा तर बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचा थेंब. पॅलेटवर एकदम पाच-सहा छटा तयार ठेवाव्यात आणि शेजारच्या दोघांना सहसा एकच छटा देऊ नये. एका कुटुंबातली माणसंही एका रंगाची नसतात. बंदरावरचा कोळी, घाटातला गँगमन, स्टेशनात सावलीत काम करणारा बुकिंग क्लार्क यांच्या अंगावर ऊन वेगवेगळं साठलेलं असतं, तेही दाखवता येतं. इथे घाई केली तर बाकीचा सगळा खटाटोप परका राहतो.

सामानाची यादी लांबलचक नाही. मराठी घरांत रंग म्हटलं की कॅमलची पेटी आठवते. दांडेकर बंधूंनी मुंबईत १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅमलिनची ती पुण्याई. त्यांचे ॲक्रिलिक रंग या कामाला चालतात, पाणी घालून चांगले पातळ करावे लागतात एवढंच. पोस्टर कलर मात्र वापरू नयेत: वाळल्यावरही ते पाण्यानं सुटतात आणि दुसऱ्या हाताला पहिला हात उचलून येतो. व्हॅलेहो किंवा तामियासारखे खास मॉडेलचे रंग बारीक दळलेले असतात, पण महाग पडतात. त्वचा आणि पांढरा यांच्यासाठी घ्यावेत, बाकीचं निभतं.

ब्रशच्या बाबतीत बहुतेक नवखे तीन शून्यांचा ब्रश आणतात. त्याच्या पोटात रंगच मावत नाही. माणसापर्यंत पोचेतो टोकावर वाळतो. शून्य किंवा एक नंबरचा, चांगलं टोक असलेला ब्रश घ्या. टोक महत्त्वाचं, जाडी नाही. विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज ७ या प्रसिद्ध कोलिन्स्की ब्रशची कथा अशी सांगतात की १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियानं उत्तमातला उत्तम जलरंगाचा ब्रश तिच्या आवडत्या सात नंबरात बनवायला सांगितला. नाव त्यावरून पडलं. असा एक ब्रश असावा आणि तो फक्त रंगवायला वापरावा. रंग कालवायला आणि कोरड्या ब्रशच्या कामाला जुना, झिजलेला ब्रश. उजेडाबद्दल एकच सूचना: लेआउटवर जे दिवे आहेत तेच रंगवायच्या टेबलावर लावा. पांढऱ्या एलईडीखाली जमलेली त्वचा पिवळ्या बल्बखाली नारिंगी दिसते.

काळ हा मुद्दा लेआउट आखतानाच ठरवायला हवा. फलाटावर वाफेचं इंजिन उभं असेल आणि त्याच्यासमोर पाठीवर सॅक, कानात इअरफोन असलेला मुलगा असेल तर दोघांपैकी एक खोटा ठरतो. भारतात ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ मध्ये संपली. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हाच्या पुणे स्टेशनवर काळ्या टोप्या, पगड्या, फेटे, पारशी कोट, नऊवाऱ्या आणि शिपायांच्या खाकी चड्ड्या असणार. उघडं डोकं फार कमी. १९७० च्या फलाटावर गोल साड्या, बेल बॉटम, होल्डॉल, पत्र्याच्या ट्रंका. १९९० नंतर पंजाबी ड्रेस वाढतात, ट्रंका जातात आणि चाकांच्या बॅगा येतात. जुन्या छायाचित्रांच्या आधारानं एक प्रकरण या पोशाखांना दिलं आहे. घरातले जुने अल्बम यासाठी फार मोलाचे आहेत, विशेषतः कुणाला तरी स्टेशनवर सोडायला गेलेल्या मंडळींचे फोटो.

माणसं कुठे आणि कशी उभी करायची यावर मी बराच मजकूर लिहिला आहे, कारण उत्तम रंगवलेली माणसं वाईट मांडणीत वाया जातात. धावणारा माणूस घेऊ नका. पहिल्यांदा तो छान वाटतो. पण तो एका जागी गोठलेला आहे हे मिनिटभरात लक्षात येतं आणि मग दुसरं काही दिसत नाही. बसलेली, टेकलेली, वाट पाहणारी, बोलणारी माणसं टिकतात. स्टेशन ही वाट पाहण्याचीच जागा असल्यामुळे रेल्वेच्या मॉडेलला हे सोयीचं आहे. माणसं सारख्या अंतरावर पेरू नका. तिघं जवळ, मग बरीच मोकळी जागा, मग एकटा. सावलीत गर्दी, उन्हात विरळ. बारा डब्यांच्या लोकलचा फलाट एचओमध्ये जवळजवळ तीन मीटर होतो आणि दादरची संध्याकाळ करायची म्हटलं तर माणसं रंगवण्यात आयुष्य जाईल. ज्यांना ते करायचं आहे त्यांचं मला मनापासून कौतुक आहे, पण सुरुवात घाटातल्या किंवा कोकणातल्या लहान स्टेशनापासून करावी. तिथे पंधरा माणसांतही फलाट भरलेला वाटतो.

पायाखालची प्लॅस्टिकची चकती कापून टाका. टाचेत बारीक तार बसवून ती फलाटात खोचली की माणूस जमिनीवर उभा राहतो, तिच्यावर ठेवलेला दिसत नाही. आणि सगळ्यांत शेवटी, व्हार्निशच्या आधी, ज्या मातीवर तो उभा राहणार त्या मातीचाच रंग खूप पातळ करून चपलांवर, धोतराच्या काठावर, लुगड्याच्या घेरावर एकदा फिरवा. माथेरानच्या गाडीतून उतरलेल्या माणसाच्या पायांवर तांबडा फुफाटा असतो, सोलापूरकडच्या स्टेशनवर करडी धूळ. या एका हातानं माणूस आणि जागा एकमेकांची होतात. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या दिवशी रंगवलेली माणसंही एका गावची दिसू लागतात.

पुस्तक क्रमानं वाचलं पाहिजे असं नाही, पण काम क्रमानं करावं. आणि पहिलं काम फलाटावरचं करू नये. पहिली दहा-बारा माणसं डब्यात बसवायची. डब्यातले प्रवासी खिडकीतून दिसतात ते फक्त डोकं, खांदा आणि सदऱ्याचा एक रंग एवढेच. मॉडेलच्या डब्याचा तळ बऱ्याचदा उंच असतो, त्यामुळे त्यांचे पाय गुडघ्यातून कापावे लागतात; चपलांचा आणि काठांचा प्रश्नच येत नाही. पातळ रंग कसा वाहतो, कोरडा ब्रश किती कोरडा हवा, त्वचेच्या छटा दोन फुटांवरून कशा दिसतात, हे सगळं तिथे शिकून होतं. आणि डबे भरलेले असले की गाडी बोगद्यातून बाहेर येताना वेगळीच दिसते. पहिलं प्रकरण म्हणूनच खिडकीशी बसलेल्या प्रवाशाचं आहे. त्यासाठी लागतील चार रंग, एक ब्रश आणि ब्लेड.